एकदाच विचारलं होतं

युट्रेख्ट
रविवार, १ फेब्रुवारी

प्रिय चंदू,

आणि वर त्या श्रीकांतला सांगतोस, ताईला म्हणावं मी मजेत आहे! मजेत असलेला माणूस सख्ख्या बहिणीचा नंबर ब्लॉक करतो का रे? श्रीकांत माझं डब्याचं गिऱ्हाईक, सासुरवाडीला जळगावला निघाला होता. मीच त्याच्या मागे लागले की बाबा, जामनेरला एक चक्कर टाक आणि आमचं येडं खातंय-पितंय का बघून ये. परत येऊन सांगतो काय, तर तू तुझ्या त्या दोस्ताच्या, अजितच्या मोबाइलच्या दुकानात स्टुलावर बसलेला असतोस, लोकांच्या फोनला काचा चिकटवतोस, आणि कुणी विचारलं तर सुट्टीवर आलोय म्हणतोस. नेदरलँड्समध्ये सहा वर्षं बेसबॉल खेळून पोट भरणारा पिचर, आणि हिवाळाभर सुट्टी! काचा डाव्या हाताने चिकटवतोस, हेही सांगितलं त्याने. ते ऐकता ऐकता माझी फोडणी करपली आणि त्या दिवशी सगळ्यांच्या डब्यात तसलंच भरीत गेलं. एकानेही तक्रार केली नाही. कंप्युटरवाली माणसं ती, त्यांना वाटलं असेल खानदेशी चव अशीच असते.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुला पोचत नाही, म्हणून हे लिहितेय. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. पेन धरला की बोटं अवघडतात, त्यातलं एक तर तुझ्याच बॉलने वाकडं करून ठेवलंय. तेव्हा चुका काढत बसू नकोस. पत्र श्रीकांतची बायको मीनल तुझ्या हातात देईल, ती भावाच्या लग्नाला तिकडे येतेय. तिला बजावून ठेवलंय, शेवटच्या ओळीपर्यंत वाचेस्तोवर तिथून हलायचं नाही, त्याने चहा मागवला तरी.

तुझं म्हणणं, मी तुझी लाज काढली. केसच्या दारात जाऊन, त्याच्या बायकोसमोर, मोडक्यातोडक्या डचमध्ये तमाशा केला. केला. मग? सहा वर्षं तो तुझा कोच होता, तुझा हात त्याच्या ताब्यात होता. त्या कोपराचं असं कसं झालं हे मी नाही विचारायचं तर कुणी विचारायचं? तुझे दाजी? जयप्रकाश अजून तुला बोलर म्हणतात. त्यांच्या हॉटेलातल्या पोरांना सांगतात, आमचा मेव्हणा इथे बोलिंग टाकतो. मी सांगून सांगून थकले.

मला राहून राहून शिंपी सर आठवतात. जामनेरच्या त्या शाळेत दुसरं काही नव्हतं, पण सरांना बेसबॉलचं वेड होतं म्हणून तुम्हा पोरांच्या हातात तो बॉल आला. सकाळी सरांकडे जे शिकायचास ते संध्याकाळी माझ्यावर काढायचास. मी पोत्याची घडी डाव्या हाताला सुतळीने बांधून भिंतीपाशी उकिडवी बसायची. आई ओरडायची, पोरीची जात, उद्या सासरी काय वाकड्या बोटाने भाकरी थापणार का. थापल्या की! अजून थापते. इथली माणसं सायकली मारत येतात माझ्या कळण्याच्या भाकरीसाठी.

सामना चालू असताना सर मध्येच मैदानात चालत यायचे, आठवतंय? विचारायचे, दमलास का. तू म्हणायचास, नाही सर. दुसऱ्यांदा विचारायचे, तू परत नाही. पहिल्यांदाच हो म्हणणं म्हणजे नामुष्की, सगळ्याच पोरांचं तसं होतं. तिसऱ्यांदा सर विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता तुझ्या हातातनं बॉल काढून घ्यायचे. तोंड पाडून बाहेर यायचास तू, पण मी बघायची ना, खांदा कसा लगेच सैल सुटायचा तुझा. आपल्याकडे सगळं असंच. पानावरच्या माणसाला पोळी विचारली की तो नको म्हणतो, परत विचारली की ताटावर आडवा हात धरतो, आणि तिसऱ्यांदा वाढली की मुकाट्याने खातो. पाहुण्याला एकदाच विचारून पोळ्यांचा डबा बंद करणाऱ्या घराला आपण जन्मभर नावं ठेवतो.

मग जयप्रकाशना इथे आचाऱ्याचं काम लागलं, आम्ही आलो. तू तिकडे महाराष्ट्राकडून खेळलास, भारताच्या टीममध्ये जाऊन आलास, पण त्यावर शिपायाची नोकरीसुद्धा कुणी देईना. मीच म्हटलं, थोडे दिवस ये माझ्याकडे. सायकलवर पुढे मी, मागे तू, अशी वरात काढून मीच तुला त्या क्लबात नेलं. केस म्हणे नाव, आणि डोक्यावर एक केस नाही, म्हणून आपण दोघं गेटापासनंच हसत होतो. त्याने तुला दहा-वीस बॉल टाकायला लावले, मग दुसऱ्या माणसाला हाक मारून बोलावलं आणि म्हणाला, परत टाक. संपल्यावर तू त्याच्या पाया पडायला वाकलास. त्या बिचाऱ्याला वाटलं तुझं काहीतरी खाली पडलं, तोही शोधायला वाकला, आणि डोक्याला डोकं आपटलं. काय तो दिवस!

त्याच आठवड्यात त्यांनी घरी जेवायला बोलावलं. केसच्या बायकोने सूप विचारलं, तू नको म्हणालास, तिने झाकण ठेवलं. ब्रेड विचारला, तू नको म्हणालास, टोपली टेबलाच्या पलीकडे गेली. भुकेने पांढरा पडून घरी आलास. मी पिठलं टाकलं आणि आपण तिघं पोट धरून हसलो. तेव्हाच सांगितलं होतं तुला, चंदू, इथे एकदाच विचारतात, हवं असेल तर पहिल्या फटक्यात हो म्हणायचं. तू म्हणालास, शिकेन ताई. खाण्यापिण्याचं शिकलासही. पुढे पुढे तर सफरचंदाचा केक नुसता दिसला तरी तुझा हात पुढे. मैदानावरचं तेवढं राहून गेलं. केस समोर येऊन उभा राहिला की तुला शिंपी सरच दिसत असणार.

पण काय उन्हाळे गेले रे ते. आठवडाभर क्लबचं गवत कापायचास, पांढऱ्या रेघा मारायचास, आणि रविवारी त्याच रेघांच्या मध्ये, त्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहायचास. रोटरडॅमला, हार्लेमला, कुठे कुठे मी डबा घेऊन आले. तुझा तो खाली उतरणारा बॉल, फळीवरनं मांजर उतरावं तसा आवाज न करता उतरायचा, आणि समोरचा आडदांड गडी हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गोल. आपल्या बाकांवरच्या म्हाताऱ्या चांदू, चांदू ओरडायच्या. एकदा पेपरात फोटो आला आणि खाली नाव चंद्रास छापलं. तू म्हणालास, असू दे ताई, कशाला सांगायचं. मी तरी म्हटलं होतं, अरे कळव, सुधारतील. तू कधी कुणाला काही कळवलंच नाहीस.

सप्टेंबरातल्या त्या रविवारचं आपण दोघं कधी बोललोच नाही. हॉस्पिटलात मी तुला वरण-भात भरवला, तू भिंतीकडे बघत खाल्लास, बस. तेव्हा आता मी बोलते. तो इटलीचा माणूस जाळीमागे वेग मोजायचं यंत्र घेऊन बसला होता. पुढच्या वर्षी तुला तिकडच्या मोठ्या क्लबात न्यायचं त्याच्या मनात होतं, ते तुला माहीत होतं, म्हणून तू दात-ओठ खात टाकत राहिलास, हे मला कळतं. सगळं केसच्या डोक्यावर टाकण्याइतकी मी येडी नाही. पण पाचव्या इनिंगपासून तू प्रत्येक बॉलनंतर हात पँटला पुसायला लागलास. लहानपणी कोपर दुखलं की तसंच करायचास, पुसलं की दुखणं जातं असं वाटायचं तुला. सातव्यात केस बेंचवरनं उठला, हात पाठीमागे बांधून हळूहळू तुझ्याकडे आला. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटला. त्याने विचारलं, जमतंय का. तू म्हणालास, जमतंय. आणि तो वळला.

तो वळल्यावरचं तुझं तोंड मी बघितलंय, चंदू. बाजारात आई हात सोडून पुढे निघून गेल्यावर पोराचं होतं तसं. मी जाळीला धरून ओरडले, केस, परत विचार त्याला, परत विचार! मराठीत ओरडले. घाबरल्यावर डच कुठनं सुचणार मला? शेजारची बाई मला खाली बसा म्हणून खुणा करत होती. पुढचा बॉल गेला, त्याच्या पुढचा गेला, आणि मग तो एक, जो कुणाच्या अंगावर नाही, बॅटवर नाही, थेट माझ्या तोंडासमोर जाळीवर येऊन आदळला. तू कोपर पोटाशी धरून खाली बसलास. उठलास तेव्हा आधी टोपी सरळ केलीस, मग डावा हात पुढे करून केसचा हात हातात घेतलास, आणि सॉरी म्हणालास. सॉरी? कशाबद्दल रे? जयप्रकाश नव्हते बरोबर ते बरंच झालं, मी तिथेच बसून रडले.

डॉक्टरने ऑपरेशन नीट केलं. म्हणाला, हात सगळ्या कामाला येईल, बॉलही टाकता येईल, पण तसा नाही. तसा म्हणजे कसा ते त्याने सांगितलं नाही, आणि आपण विचारलं नाही. मग नोव्हेंबरात मी केसच्या दारात गेले. तो शांत उभा. म्हणाला, सुचेता, मी विचारलं होतं. तो म्हणाला जमतंय. मोठ्या माणसाचा शब्द मी खोटा का धरू? मला सगळ्यात जास्त राग याचा आला की तो खरं बोलत होता.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्याकडे आला. खुर्चीच्या टोकावर बसून तुला म्हणाला, क्लबातल्या लहान पिचरांना तू शिकव. तू म्हणालास, नको, मला नाही जमणार. तो म्हणाला, याम्मर, म्हणजे वाईट झालं, कॉफी संपवली आणि गेला. दार लागल्यावर तू मला म्हणालास, बघितलंस ताई, एकदाच विचारलं, मनातनं असतं तर परत विचारलं असतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तू तरी कधी मनातलं सांगितलंस का कुणाला? जे म्हटलं ते खरंच होतं, पण त्या दिवशी म्हणायला नको होतं. तू उठून केसचा कप विसळायला घेतलास. चौथ्या दिवशी बॅग घेऊन विमानतळावर.

तुझी खोली तशीच आहे. जयप्रकाश म्हणतात भाड्याने देऊ, मी म्हणते बघू. तुझा तो मोजा, तो कातडी पंजा, हीटरवर वाळत टाकला होतास तो कडक होऊन गेला होता, त्याला मी खोबरेल चोळलं. चुकलं असेल तर असू दे. रविवारी डबे नसतात, तेव्हा उगाच सायकल काढते आणि मैदानाकडे जाते. काही नसतं तिथे. पाऊस आणि वारा. त्या मातीच्या उंचवट्यावर प्लॅस्टिक टाकून वर जुने टायर ठेवलेत. झाकलेलं आहे एवढं बघते आणि परत येते. बसस्टॉपवर कुणी भेटलं आणि भाऊ काय म्हणतो विचारलं तर मीही सांगते, सुट्टीवर गेलाय. बघ, तुझंच वाक्य.

हात गेल्याचं मला तेवढं वाटत नाही. हात काय जन्मभर पुरतो का? चार-पाच वर्षांनी थांबणारच होतास. वाटतं याचं, की तो शेवटचा बॉल टाकायचा नव्हता हे तुला माहीत होतं, मला जाळीतनं दिसत होतं, आणि केसला एका शब्दात कळलं असतं. तीन माणसं तिथल्या तिथे हजर, आणि तो बॉल टाकला गेला. रात्री कूस बदलली की तेच. मी तुला इकडे बोलावलंच नसतं तर, असंही येतं मनात. मग उठून वाटाणे सोलत बसते.

आता हे सगळं आज का लिहितेय ते ऐक. काल केस आला होता. सायकलवरनं, भिजून. मी चहा विचारला, तो नको म्हणाला. मी म्हटलं घ्या हो, तो नको. मी म्हटलं घ्याच, आणि कप पुढे ठेवला. त्याने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, सुचेता, तू मला नेहमी तीनदा का विचारतेस? सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं बघ त्याने. मग मी त्याला पोळीचं सांगितलं आणि शिंपी सरांचं सांगितलं. माझ्या डचमध्ये, हातवारे करून, त्याच्या हातातली टोपीच बॉल म्हणून काढून घेऊन दाखवलं. त्याने टोपी परत घेतली आणि गुडघ्यावर ठेवली. चहा गार झाला. मग म्हणाला, म्हणजे त्या दिवशी माझे दोन प्रश्न राहिले. डोळे पुसले त्याने, चंदू. लपवलंही नाही, त्यांच्यात लपवत नाहीत. म्हणाला, ते दोन आता विचारून उपयोग नाही, पण कामाचंही मी एकदाच विचारलं होतं, ते परत विचारतो, तू त्याला कळव. काम नुसतं शिकवायचं नाही. सामन्यात बेंचपाशी उभं राहायचं, आणि पोराचा हात दुखतोय असं दिसलं की त्याला न विचारता मध्ये जाऊन त्याच्या हातातनं बॉल घ्यायचा. तो म्हणतो, आम्हाला हे येत नाही, आम्ही विचारतो आणि सांगतील ते खरं धरतो. परमिटचं क्लब बघेल. शनिवारी, एकवीस तारखेला त्यांची मीटिंग आहे, त्यात ते माणूस ठरवणार, तू नाही तर दुसरा. तेव्हा मला शुक्रवारी, वीस फेब्रुवारीला, इथे अंधार पडायच्या आत उत्तर पाहिजे. मला नाही, केसला दे. त्याचा नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस, मी त्याचा फोन बघून खात्री केलीय. हो म्हण नाहीतर नाही म्हण. बघू, सांगतो, तुम्ही म्हणाल तसं, असलं काही पाठवलंस तर मी त्याला सांगणार की आमच्यात याला नाही म्हणतात. नाही असेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही, खोली भाड्याने देईन. पण हो असेल तर वाट बघायला लावू नकोस. शुक्रवार. लक्षात ठेव.

तुझीच,
सुचेताताई